बिनफेसाची कापी

अख्ख्या चेन्नईत फिल्टर कॉफी फेसाशिवाय पिणारा माणूस एकच आहे, आणि माझं नशीब असं की तोच माझा घरमालक आहे. हे मी पुरेशी चौकशी करून सांगते आहे. इथे कॉफीवर बोटभर फेस नसेल तर लोक तिला कॉफी म्हणायला तयार नसतात. स्टीलचा पेला आणि त्याच्याखालची ती खोलगट वाटी, जिला इथे दबरा म्हणतात, या दोहोंत हॉटेलातला माणूस हातभर उंचीवरून कॉफी अशी खालीवर ओततो की नवख्याने दोन पावलं मागे सरावं. आमचे मामा हॉटेलात गेले की चमचा मागवतात. कॉफी आली की चमच्याने वरचा सगळा फेस काढतात, दबऱ्यात ठेवतात, आणि जेवणात केस निघाल्यावर माणूस जसा चेहरा करतो तसा चेहरा करून तो दबरा टेबलाच्या पार कडेला सरकवतात. मग पेला तिरका करून आत तळापर्यंत बघतात. कॉफीतून पेल्याचा तळ दिसत नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी बघतात. एकदा एका नव्या वेटरला वाटलं की आजोबांना फेस फारच आवडतो म्हणून ते तो वेगळा काढून ठेवताहेत, शेवटी खायला. त्याने प्रेमाने दुसरा पेला आणला, दुप्पट फेसाचा. त्या दिवशी मामा कॉफी न पिता घरी आले आणि मामींना म्हणाले, "हे गांव बिघडलें."

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत वडीलधाऱ्या माणसाला मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ. यांचे पूर्वज कधीकाळी आपल्याकडून तंजावरला गेले आणि तिथेच राहिले, त्याला आता तीनेकशे वर्षं होतील. मामा स्वतः एका कागद गिरणीत केमिस्ट होते, सगळी नोकरी एकाच गिरणीत झाली, आणि निवृत्त होऊन इथे घर बांधलं. त्यांची मराठी ऐकली की कुणीतरी माळ्यावरचं जुनं पत्र मोठ्याने वाचतंय असं वाटतं, आणि त्या पत्रात दर दोन ओळींनी तमिळ घुसते. मी कराडची. पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं, चला, परक्या गावात मराठी बोलणारं घर मिळालं. त्यांना मात्र माझ्याबद्दल तसं काही वाटलं नसावं. माझं बोलणं त्यांनी पाच मिनिटं मान तिरकी करून ऐकलं आणि मामींकडे वळून म्हणाले, "हिची मराठी पातळ जाली आहे गे. फार हिंदी मिळविली आहे." स्वतः ते कॉफीला 'कापी' म्हणतात आणि पुरे झालं म्हणायचं असेल तर 'पोदुम' म्हणतात, पण ते पातळ नाही.

ओळख मात्र भाषेने झाली नाही, फेसानेच झाली. वरच्या मजल्यावर राहायला आल्याच्या पहिल्याच रविवारी मी नव्या वॉशिंग मशीनमध्ये आमच्या घरच्या सवयीने मुठीमुठीने साबण घातला आणि केस धुवायला गेले. बाहेर येऊन बघते तर मशीनच्या तोंडातून फेस येतोय, जिन्यावरून पायरी पायरी करत निवांत खाली उतरतोय, आणि खालून मामा वर येताहेत. चेहरा असा, की जणू घरात चोर शिरला आहे. मी "सॉरी, सॉरी" म्हणत फडकं शोधायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशातून औषधाच्या बाटलीएवढी एक बाटली काढली, ड्रॉपरने त्यातलं दुधाळ काहीतरी घेतलं आणि वरच्या पायरीवर मोजून तीन थेंब टाकले. फेस चुरचुरला आणि बसला. म्हणजे खरंच बसला. क्षणापूर्वी गुडघाभर होता, आता जिना नुसता ओला होता. मामांनी प्रत्येक पायरी वाकून तपासली आणि मग पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "साबण कितीसा घातलास?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "पायरी दिसेनाशी जाली तर माणूस पडतो गे." मी म्हटलं, मामा, तुमच्या बाटलीत आहे ते आम्ही बनवतो. माझी कंपनी हेच बनवते, मी तिथल्या लॅबमध्ये आहे. मामा जिन्यावरच बसले. ओल्या पायरीवर. मामींना हाक मारून म्हणाले, "अय्यो, देवानें घरीं पाठविली आहे!" त्या महिन्यापासून माझं भाडं वाढलं नाही.

हळूहळू मला कळलं की कॉफी हा त्यांच्या वैराचा फक्त एक मोर्चा आहे. मामा दाढी खोबरेल तेल लावून करतात. दात घासायला लाल दंतमंजन, कारण पेस्टला तोंडात फेस येतो. मामींनी एकदा हौसेने नातवाच्या वाढदिवसाला क्रीमचा केक आणला, तर मामांनी सुरीने वरचं सगळं क्रीम खरवडून काढलं आणि खालचा उघडा पाव नातवासमोर ठेवून "आतां पाहा, केवढा आहे तो!" म्हणाले. नातू रडला. मरीनाला ते सगळ्यांबरोबर जातात, पण समुद्राकडे पाठ करून बसतात आणि भाजलेलं कणीस खातात. लाटेकडे एकदा तोंड वळलंच, तर असं बघतात की जणू एखादी गिरणी आहे आणि तिचं व्यवस्थापन कुणा नालायकाच्या हाती गेलं आहे. मी विचारलं, मामा, समुद्राचं तरी काय वाकडं? म्हणाले, "थांबत नाहीं ना." या सगळ्यात मामींचं कसं चालतं, असं तुम्हाला वाटेल. छान चालतं. सकाळी पहिली कॉफी त्या मामांना देतात, पेला कलता धरून कडेकडेने ओतलेली, तळ्याच्या पाण्यासारखी शांत. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात आणि स्वतःची कॉफी डोक्याच्या वरून ओततात. ओतल्याचा आवाज बाहेर ऐकू येऊ नये म्हणून त्या वेळी नळ सोडतात. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, मामांना अजून वाटतं की मामींना सकाळी भांडी विसळायची फार घाई असते.

आणि एक होता तो फोन. पोंगलच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या सकाळी, पूजा आटपते न आटपते तोच वाजायचा. मामा उठून उभे राहायचे. गुडघा दुखत असला तरी. दारात वेष्टी, म्हणजे इथलं लुंगीसारखं धोतर, नीट करून, जसं साहेबापुढे उभं राहावं तसं उभं राहून फोन घ्यायचे आणि कानापासून हातभर लांब धरायचे, कारण पलीकडचा माणूस तमिळमध्ये असा ओरडायचा की आवाज घरभर ऐकू यावा. पहिल्या वर्षी माझी तमिळ भाजी घेण्यापुरती होती. त्यातला मला एकच शब्द कळला, 'नुरै', म्हणजे फेस. आमच्या लॅबमध्ये हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. तो माणूस विचारत होता, फेस कसा आहे? मामा म्हणाले, कमी आहे, कमी आहे. फोन संपला. मामा तरी उभेच राहिले. मी मामींना विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. "गिरणींतला कोणी. दर वर्षीं करतो." मला वाटलं, निवृत्त माणसं क्रिकेटवर बोलतात, हे दोघे फेसावर बोलत असतील.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कागद म्हणजे खरं तर शंभरात नव्याण्णव वाटे पाणी. लगदा भरपूर पाण्यात कालवतात, जाळीवर पसरतात, पाणी गाळून घेतात, आणि राहतो तो कागद. लाकडातून उतरलेली साबणासारखी द्रव्यं त्या पाण्यात असतात, त्यामुळे ते सारखं फेसाळतं. फेस जाळीवर गेला की कागदाला भोकं पडतात, पट्टा तुटतो आणि सगळं मशीन थांबतं. म्हणून त्या पाण्यात आमचं औषध थेंबथेंब सोडायचं. औषध म्हणजे तेल, आणि तेलात घोटलेली पांढरी भुकटी, रांगोळीपेक्षा कितीतरी बारीक. खरी करामत त्या भुकटीची असते. मुळात तिला पाणी आवडतं. तशीच टाकली तर ती तेल सोडून पाण्यात पळून जाते. म्हणून तिला आधी सिलिकॉनच्या तेलात मळून तापवायचं, म्हणजे कणाकणावर पाण्याला न शिवणारा थर बसतो. असा कण तेलाच्या थेंबात बसून बुडबुड्याच्या भिंतीत शिरतो, भिंतीला टोचतो, आणि बुडबुडा फुटतो. आमच्याकडे गुऱ्हाळात काहील उतू जायला लागली की तेलाचा हात फिरवतात, तीच गोष्ट, फक्त पॅन्ट-शर्ट घालून.

माझ्याकडून चूक झाली ती हुशारीमुळे झाली. नोकरीत मी सहा महिन्यांच्या बोलीवर होते. घरून निघताना बाबा म्हणाले होते, "बघ, सहा महिन्यांत परत येशील," आणि मी दार आपटून निघाले होते, म्हणून परत जाणं शक्यच नव्हतं. पाचव्या महिन्यात साहेबांनी मला एका गिरणीसाठी नवी भुकटी करायला सांगितली. मी विचार केला, पाण्याला न शिवणं हाच जर गुण आहे, तर जास्त न शिवणारी भुकटी जास्त चांगली. सिलिकॉन दुप्पट घातलं, तापवायचा वेळ दुपटीहून जास्त ठेवला. लॅबमधल्या बाटलीत साबणाचं पाणी घालून जोरात हलवलं, फेस बसला. मी खूश, साहेब खूश. गिरणीत नेलं. तिथे औषध सोडल्यावर फेस खाली गेला, आम्ही हात मिळवले, आणि आमचे हात अजून हातातच होते तेव्हा तो परत वर आला. वर कागदावर तेलकट ठिपके पडले, ते वेगळेच. गिरणीतल्या शिफ्ट इंजिनिअरने ठिपक्यांचा कागद माझ्यासमोर धरला आणि गोड आवाजात विचारलं, मॅडम, ही तुमची डिझाईन आहे का? परतताना गाडीत साहेब शांतपणे म्हणाले की पंधरा दिवसांनी आणखी एक संधी मिळेल, ती मी मागून घेतली आहे. तीही गेली तर गिरणी गेली, आणि गिरणी गेली तर तुला पुढे ठेवण्याचं कारण मला वर दाखवता येणार नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

घरी येऊन मी जिन्यावर बसले, त्याच पायरीवर. मामा आले, काही न विचारता शेजारी बसले. मी सांगितलं. गिरणीचं नाव ऐकल्यावर ते जरा दचकले, ती त्यांचीच गिरणी होती, हे मला मागाहून कळलं. म्हणाले, "भुकटी आहे का जवळ?" माझ्या पर्समध्ये नमुन्याची पुडी होती. मामांनी पाण्याने भरलेलं एक भांडं आणलं, पाण्यावर चिमूटभर भुकटी पसरली आणि त्यात आपलं बोट बुडवलं. मग बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. बोट कोरडं होतं. पाण्यात बुडवलेलं बोट, ठणठणीत कोरडं, जणू त्याच्यावर हातमोजा होता. मला हे इतकं भारी वाटलं की मी टाळ्याच वाजवल्या. मामा हसले नाहीत. "टाळी कशाला वाजवितेस? बोट कोरडें आलें म्हणजे भुकटी कामांतून गेली. जास्त जालें." मी म्हटलं, पाण्याला शिवत नाही, हेच तर हवं ना? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही कॉलेजात मला कुणी सांगितलं नव्हतं. कण तेलाच्या थेंबात बसलेला असतो. त्याला पाण्याची इतकी किळस आली की तो थेंबाच्या पोटात लपून बसतो, बाहेर तोंडच काढत नाही. मग टोचणार कोण? "म्हैस तळ्यांत बसते, पाहिलीस? सगळी आंत, नाक बाहेर. कण तसा पाहिजे. नाक बाहेर." मग बोटावरची भुकटी झटकत म्हणाले, "तेलाचाही, पाण्याचाही. आम्ही इकडे कसे राहिलों? तसें."

पुढचे पंधरा दिवस आमच्या गच्चीवर जे चाललं होतं ते बघून शेजारचे लोक काय समजले असतील देव जाणे. मी रोज लॅबमधून वेगवेगळ्या वेळ तापवलेल्या भुकट्या आणायचे, गिरणीतल्या पाण्याचा एक मोठा कॅन आधीच मागवून घेतला होता, आणि मामा त्या पाण्याला फेस आणायचे. कशाने? पेला आणि दबऱ्याने! जन्मभर ज्याने कॉफी हातभर उंचीवरून ओतू दिली नाही, तो माणूस गच्चीवर उभा राहून गिरणीचं वास मारणारं पाणी खांद्याच्या वरून दबऱ्यात ओतत होता, परत पेल्यात घेत होता, परत ओतत होता. हात इतका तयार होता की एक थेंब बाहेर सांडत नव्हता. मी म्हटलं, मामा, तुम्ही हॉटेल काढायला हवं होतं. ते म्हणाले, "ओततां सर्वांस येतें गे. बसवितां येत नाहीं." फेस काठोकाठ आला की मी ड्रॉपरने औषध टाकायचे आणि दोघं तोंडाने आकडे मोजायचो, ते तमिळमध्ये, मी मराठीत, आणि शेवटी कुणाचा आकडा खरा यावर भांडायचो. एकदा नाही, वीसवीसदा तेच पाणी ओतून बघायचं, कारण मामांच्या मते पहिल्यांदा तर कुठलंही औषध चालतं, विसाव्यांदा चाललं तर ते औषध. तिसऱ्या दिवशी मामी वर आल्या आणि आपल्या लग्नातला पेला कशासाठी वापरला जातोय हे त्यांनी पाहिलं. त्या काय बोलल्या ते मला सगळं कळलं नाही, कारण त्या जुनी मराठी सोडून पूर्ण तमिळमध्ये गेल्या होत्या. मामांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दुसरा पेला आणला. अकराव्या दिवशी एका भुकटीत बोट बुडवल्यावर ते ना कोरडं आलं, ना नीट भिजलं. टोक ओलं, वर पांढरी भुकटी चिकटलेली. मामांनी ते बोट उन्हात धरून बराच वेळ निरखलं. "ही," म्हणाले.

चाचणीच्या दिवशी मामा म्हणाले, मी येतों. मामी म्हणाल्या, गुडघा? मामा म्हणाले, गुडघाही येईल. साहेब आदल्या दिवशीच पुढे गेले होते, म्हणून आम्ही दोघं पहाटे एग्मोरहून रेल्वेने निघालो. गिरणीच्या फाटकावर म्हाताऱ्या पहारेकऱ्याने मामांना ओळखलं आणि सलाम ठोकला. शिफ्ट इंजिनिअरने मात्र मला बघून परत तोच गोड आवाज लावला. मशीनच्या खाली एक मोठा हौद आहे, गाळलेलं पाणी त्यात येतं. त्याच्याभोवती लोखंडी कठडा आहे. हौदात फेस असा फुगला होता की कठड्याच्या खालच्या दांडीवरून बाहेर लोंबत होता. मी पंपाला औषध जोडलं. नळी माझ्या हातून दोनदा निसटली. मामा माझ्याकडे बघतच नव्हते. ते दोन्ही हातांनी कठडा धरून, गुडघा विसरून, हौदाकडे बघत उभे होते. फेस खाली गेला. मी मोजत होते. मागच्या वेळी परत वर आला तो क्षण आला, गेला.  चहा आला, तो तसाच राहिला. तासाभराने फेस कठड्यापासून हातभर खाली होता, दुपारी जेवणानंतर तर नुसती कडेला पांढरी रेघ, आणि त्याखाली स्वच्छ पिवळसर पाणी. इंजिनिअरने कागदाचा तुकडा उजेडात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि ठिपका न सापडल्यामुळे त्याच्या आवाजातला गोडवा गेला. तो साध्या आवाजात म्हणाला, बरं झालं, मॅडम. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच ऑफिसला फोन लावायला बाहेर गेले. मला रडू आलं. तिथेच, मशीनच्या घरघरीत, मनसोक्त रडून घेतलं, कुणाला ऐकू गेलं नाही. मामा अजून कठड्यापाशीच होते. मी जवळ गेले तेव्हा ते खाली बोट दाखवून म्हणाले, "तळ दिसतो गे."

परतीच्या गाडीत मला झोप येत होती, इतकं हलकं वाटत होतं. मामांनी मध्येच विचारलं, तुज माहीत आहे, तो कठडा कां घातला? आणि मग खिडकीबाहेर बघत सांगायला लागले. ते नवे केमिस्ट होते तेव्हाची गोष्ट. त्या वेळी हौदाला कठडा नव्हता. त्यांनी भुकटीचा नवा घाणा करून पाहिला. "जास्त भाजली. तुझ्याच सारखी. अहंकार गे, दुसरें काय." फेस बसला आणि परत आला, आणि त्या दिवशी इतका आला की जमिनीवर गुडघाभर पसरला. हौद कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते, काही दिसेना. फोरमन पाणी बंद करायला धावला. त्याचा पाय हौदात गेला. "वरतीं सारें पांढरें. एक हात तेवढा दिसला." चौघांनी मिळून ओढून काढला. जीव वाचला, पाय मोडला. चौकशी झाली तेव्हा त्या फोरमनने लिहून दिलं की माझा स्वतःचाच पाय घसरला. भुकटीचं नाव त्याने घेतलं नाही. मामा तेव्हा माझ्याच वयाचे होते, आणि त्या एका ओळीमुळे त्यांची नोकरी राहिली. "त्यानें मज कधीं बोलिलें नाहीं. पोंगलास फोन करतो आणि एवढेंच विचारतो, फेस कसा आहे. तो तंजावराजवळ असतो. एक पाय ओढत चालतो." हे आजवर मामींनाही सांगितलं नव्हतं. मला आता सगळं एकदम दिसायला लागलं, कॉफीचा दबरा, समुद्राकडची पाठ, बाटली, ओली पायरी, आणि जे इतके दिवस चेष्टेवारी नेलं त्याची लाज वाटली. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मामा, आज नाही कुणी पडलं. ते म्हणाले, "नाहीं पडलें."

एग्मोरला उतरलो तेव्हा संध्याकाळ होती आणि दोघांनाही भूक लागली होती. फलाटावरच्या स्टॉलवर मी दोन कॉफी घेतल्या. कागदी पेल्यात, अर्ध्या फेसाने भरलेल्या. चमचा मागायला मी मागे वळले, तर मामा उभ्या उभ्या प्यायला लागले होते. बोलतही होते, तोंडाने चालूच होतं की इंजिनिअरने पंप कसा चुकीच्या जागी बसवला आहे आणि तो कुठे हवा. त्यांच्या पांढऱ्या मिशीवर तितकाच पांढरा फेस चिकटला होता. मी चमचा मागायचं सोडून दिलं. मांबलमपर्यंतच्या लोकलमध्ये तो तसाच होता आणि घरी मामींनी दार उघडलं तेव्हाही थोडा होता. मामींनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनाही कळलं की हे बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची कॉफी पुन्हा कलत्या पेल्यातून, शांत. नळही सुटला होता.

मला नोकरीत कायम केलं. बाबांना मी फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, मग दिवाळीला तरी ये. गेले. दार आपटल्याचं कुणी काढलं नाही.

यंदा पोंगलच्या सकाळी मी खालीच होते. फोन वाजला आणि मामा नेहमीप्रमाणे वेष्टी नीट करून उभे राहिले. या वेळी मात्र त्यांनी फोन हातभर लांब धरला नाही, कानाला घट्ट लावला. पलीकडचा आवाज आता इतका बारीक झाला आहे की घरात कुणालाच तो ऐकू आला नाही. पण काय विचारलं ते मला ठाऊक होतं.  मामा तमिळमध्ये सावकाश म्हणाले, मी गिरणीत जाऊन आलो, स्वतः उभा राहून बघितलं, तळ दिसतो. पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं, ते ऐकत राहिले, "सरि, सरि," म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिले, आणि ऐकता ऐकता हाताने मागची खुर्ची चाचपून तिच्यावर बसले.